विमानाच्या बातमीचा पत्ता

वाशी म्हटले की लोकांना नवी मुंबई आठवते. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या माथ्यावरची. टपालाने पुस्तक मागवायचे तर पत्त्यात तालुका, जिल्हा आणि पिन कोड हे तिन्ही ठळक लिहावे लागतात. एकदा घाईत नुसते 'वाशी' लिहिले, तर पार्सल खाडीकाठच्या वाशीत जाऊन तीन आठवड्यांनी परत फिरले. पुस्तक खरे होते, पैसे खरे होते, पत्ता मात्र अपुरा होता. हा अनुभव या लेखाच्या विषयाशी जवळून जोडलेला आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी माझ्याकडे येतात. शिक्षण बारावीपर्यंत. बाकी जे काही वाचले ते गावातल्या वाचनालयाच्या लांब टेबलाशी बसून. संशोधन हा शब्द माझ्यासाठी मोठाच आहे. पण एखादी गोष्ट मनात अडकली की तिच्या मुळापर्यंत गेल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ही गोष्ट अडकली ती एका शाळेत. काही वर्षांपूर्वी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनानिमित्त, मला भाषणाला बोलावले होते. आमच्या भागात पवनचक्क्या उभ्या राहत आहेत. त्यांची लांबलचक पाती ट्रेलरवरून रस्त्याने जाताना मुले रोज पाहतात. मी पात्याच्या आकारावरून सुरुवात केली, तिथून विमानाच्या पंखाकडे आलो आणि शेवटी टाळ्या मिळाव्यात म्हणून शिवकर बापूजी तळपदे यांची गोष्ट सांगितली. १८९५ साली, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, एका मराठी माणसाने मुंबईच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान दीड हजार फूट उंच उडवले. ते पाहायला मोठमोठी माणसे हजर होती आणि 'केसरी'त त्याची बातमी आली होती. टाळ्या भरपूर मिळाल्या.

टाळ्या थांबल्यावर आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, केसरीचा तो अंक कोणत्या तारखेचा?"

मला सांगता आले नाही. "शोधून सांगतो," म्हणालो. घरी येऊन ज्या ज्या लेखांत आणि पुरवण्यांत मी ही गोष्ट वाचली होती ती कात्रणे काढली. एकातही तारीख नव्हती. पुढच्या लेखकाने मागच्याचे वाक्य उचलले होते, आणि शाळेत उभे राहून मीही तेच केले होते.

मासिके नव्हती तेव्हा

एवढी मोठी घटना १८९५ साली झाली असेल, तर त्या काळी विमानविद्येची जी नियतकालिके निघत होती त्यांत तिचा काही माग असेल, असे मला वाटले. म्हणून अशी नियतकालिके कोणती, हे शोधू लागलो आणि तिथून एक निराळेच जग उघडले.

विमान उडण्याआधीच विमानाची मासिके निघाली होती. पॅरिसचे 'लॅरोफील' १८९३ साली सुरू झाले. अमेरिकेत बोस्टनच्या जेम्स मीन्स यांनी १८९५, १८९६ आणि १८९७ अशी तीन वर्षे 'एरोनॉटिकल ॲन्युअल' काढले. आपल्या दिवाळी अंकासारखेच ते वर्षातून एकदा निघे. ऑक्टेव्ह शनूट हे रेल्वेचे आणि पुलांचे अभियंता. जगभरात कोणी कोणी उडण्याचा प्रयत्न केला, कोण कुठे फसला, याची त्यांनी लेखमाला लिहिली. ती १८९१ पासून छापून आली ती रेल्वेच्या एका मासिकात! १८९४ साली तिचे पुस्तक झाले. केवळ विमानाला वाहिलेले ब्रिटनचे प्रसिद्ध साप्ताहिक 'फ्लाइट' बरेच नंतरचे, जानेवारी १९०९ चे. 'द एरोप्लेन' १९११ चे आणि आज 'एव्हिएशन वीक' म्हणून ओळखले जाणारे अमेरिकन नियतकालिक १९१६ चे.

या अंकांत यशाच्या बातम्यांपेक्षा अपयशाच्या नोंदी जास्त आहेत. कोणी कोणत्या तारखेला कुठे किती फूट सरकला, पंखाचे क्षेत्रफळ किती, वारा किती, मोडतोड काय झाली, हे सगळे त्यांत मिळते. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल टेकडीवरून उडी मारून पंखावर तरंगायचा. ऑगस्ट १८९६ मध्ये तो पडून गेला. त्याचे मोजमापांचे कोष्टक मात्र मागे राहिले आणि मीन्सच्या वार्षिकातून समुद्रापलीकडे पोहोचले.

डेटन गावात सायकलीचे दुकान चालवणारे दोन भाऊ याच कागदांचे वाचक. विल्बर राइटने ३० मे १८९९ रोजी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून विचारले, की उडण्याच्या विषयावर तुम्ही काय छापले आहे आणि आणखी काय वाचावे? संस्थेने काही पुस्तिका आणि पुस्तकांची यादी पाठवली. त्या यादीत शनूट यांचे पुस्तक होते आणि मीन्स यांची वार्षिकेही. दोघा भावांपैकी कोणाकडेही पदवी नव्हती. सुरुवात झाली ती टपालाने आलेल्या एका वाचनयादीने. रिवाइंडिंगच्या दुकानात बसून हे वाचताना मला किती बरे वाटले असेल, ते वाचनालयात वाढलेल्या वाचकाला सांगायला नको.

छापलेला आकडा आणि पवनचक्की

पण छापले म्हणजे खरे, असे मात्र नाही. याच भावांना ते फार महागात पडले.

१९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी किटी हॉकच्या वाळूत मोठे ग्लायडर नेले. छापील कोष्टकांवरून हिशेब करून पंख बांधले होते. प्रत्यक्षात उचल हिशेबाच्या एक तृतीयांशाच्या आसपासच मिळाली. चूक कुठे असेल? हिशेबात एक गुणक होता. वाऱ्याचा दाब काढायचा तर क्षेत्रफळाला वेगाच्या वर्गाने गुणायचे आणि त्याला पुन्हा या गुणकाने गुणायचे. तो गुणक ०.००५ धरला जाई. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध छापला होता, तिथून तो आलेला होता. आणि तो निबंध होता पाणचक्क्या आणि पवनचक्क्यांवर!

एकशे चाळीस वर्षे तो आकडा एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरत राहिला. राइट बंधूंनी १९०१ च्या शरदात सहा फूट लांबीची लाकडी पेटी करून तिच्यात पंख्याने वारा सोडला आणि सुमारे २०० छोटे पंख तपासले. ग्लायडरची मोजमापे आणि हे प्रयोग जुळवल्यावर त्यांना दिसले, की तो गुणक ०.००३३ च्या जवळ असायला हवा. फरक किती, तो वाचकाने स्वतः काढून पाहावा. दहा चौरस फुटांच्या फळीवर ताशी २० मैलांचा वारा सरळ येत असेल, तर जुन्या आकड्याने दाब २० पौंड येतो, नव्याने सुमारे १३. ज्याने २० धरून पंख बांधला त्याचे विमान उडणार कसे?

आमच्या धंद्यातही हेच असते. जळालेले वाइंडिंग काढताना टर्न किती, तार किती गेजची, पिच काय, हा 'डाटा' आम्ही वहीत उतरवतो. दुसऱ्याच्या वहीतून डाटा उतरवला आणि तो चुकीचा असला, तर मोटार पुन्हा जळते. पण वहीत तारीख, कंपनी आणि हॉर्सपॉवर लिहिलेली असेल, तर चूक कुठून आली ते शोधता येते. स्मीटनचा आकडा चुकीचा होता, तरी त्याला पत्ता होता. कोणी, कुठे, कोणत्या साली, कोणत्या प्रयोगावरून तो दिला, हे कागदावर होते. म्हणूनच तो शोधून दुरुस्त करता आला. ज्या गोष्टीला पत्ताच नाही, ती चुकीची आहे हेसुद्धा सिद्ध करता येत नाही; ती नुसती फिरत राहते.

मधमाश्यांचे मासिक

आता तळपद्यांच्या बाजूने जो वकिली मुद्दा मांडला जातो, त्याकडे येऊ. तो मुद्दा असा, की पाश्चात्त्य मासिकांनी एका भारतीयाची दखल घेतली नाही, म्हणून काय घटना घडलीच नाही?

मुद्दा सोडून देण्यासारखा नाही. खुद्द राइट बंधूंच्या बाबतीत हेच झाले. १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिले उड्डाण १२ सेकंद, १२० फूट. त्याच दिवशी चौथे ५९ सेकंद, ८५२ फूट. तरी जगाला पत्ता लागला नाही. २० सप्टेंबर १९०४ रोजी त्यांनी डेटनजवळच्या एका कुरणावर हवेत पूर्ण फेरी मारली. ती पाहायला ॲमॉस रूट नावाचे गृहस्थ मोटारगाडीने आले होते. त्यांचा धंदा मधमाश्या पाळण्याच्या साहित्याचा. डोळ्यांनी पाहिलेले वर्णन त्यांनी १ जानेवारी १९०५ च्या आपल्या मासिकात छापले, आणि ते मासिक होते मधमाश्यापालनाचे, 'ग्लीनिंग्ज इन बी कल्चर'. त्यानंतर एक वर्षाने, १३ जानेवारी १९०६ रोजी, 'सायंटिफिक अमेरिकन'सारख्या मातब्बर साप्ताहिकाने राइट बंधूंच्या उड्डाणांविषयी उघड शंका घेतली.

म्हणजे मोठ्या नियतकालिकात नाही म्हणून घटना खोटी, हे म्हणणे चूक. पण पुढे काय झाले ते पाहा. 'सायंटिफिक अमेरिकन'ने साक्षीदारांना पत्रे पाठवून प्रश्न विचारले आणि आलेली उत्तरे एप्रिल १९०६ मध्ये छापली. मधमाश्यांच्या मासिकातला मजकूर तारखेसह शिल्लक राहिला. तो आजही उघडून वाचता येतो. घटना खरी असेल तर तिचा पत्ता कुठल्या तरी अनपेक्षित कोपऱ्यात सापडतो, मग तो मधमाश्यांच्या मासिकात का असेना.

आणखी एक तुलना तर अगदी नेमकी आहे. तळपद्यांचे विमान माणसाविना उडाले, असे सांगतात. त्याच्या पुढच्याच वर्षी, ६ मे १८९६ रोजी, अमेरिकेत सॅम्युअल लँग्ली यांचे वाफेच्या इंजिनाचे माणूसविरहित यंत्र पोटोमॅक नदीवर उडाले, सुमारे ३,३०० फूट अंतर. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल तिथे हजर होते. त्यांनी छायाचित्र काढले आणि त्यांनी पाहिलेल्या उड्डाणाची हकीकत त्याच महिन्यात 'नेचर'मध्ये आली. इंजिन कशाचे, वजन किती, अंतर किती, पाहिले कोणी, छापले कुठे, या सगळ्या रकाने भरलेल्या आहेत. 'मरुत्सखा'च्या बाबतीत इंजिन कशाचे यावरच कथा बदलतात. काहींत पारा येतो, काहींत सूर्यशक्ती. हजर असलेल्या थोरांची नावेही सांगणाऱ्यागणिक कमी-जास्त होतात.

'केसरी' १८८१ पासून निघू लागला आणि १८९५ साली तो साप्ताहिक होता. म्हणजे त्या वर्षाचे अंक ५० च्या आसपास. बातमी असेल तर ती त्यांपैकीच एकात असणार. ज्याला ही गोष्ट सांगायची आहे, त्याने अंकाची तारीख आणि पान सांगावे. ते सांगितले की दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन पुन्हा टाळ्या घेईन. तोवर तिला आख्यायिकाच म्हणणे भाग आहे.

बंगळूरचे पाच जण

या आख्यायिकेला पाठबळ म्हणून 'वैमानिक शास्त्र' नावाच्या संस्कृत पोथीचा हवाला दिला जातो. भरद्वाजांच्या नावावर असलेला हा ग्रंथ प्राचीन आहे आणि तळपद्यांनी त्यावरून विमान बांधले, असे लोक सांगतात. १९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी 'सायंटिफिक ओपिनियन' या नियतकालिकात त्याची चिकित्सा छापली.

त्यांची पद्धत मला फार आवडली. त्यांनी चेष्टा केली नाही की भक्तीही दाखवली नाही. ग्रंथ कोणाकडून आला, कोणी सांगितला, कोणी लिहून घेतला, आकृत्या कोणी काढल्या, याची माणसांकडे जाऊन चौकशी केली. सुब्बराय शास्त्री यांच्या तोंडून तो उतरवला गेल्याचे, आणि आकृत्या एल्लप्पा नावाच्या ड्राफ्ट्समनने काढल्याचे त्यांनी दाखवले. भाषा तपासली. मग शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर या चार विमानांची मापे अभियंत्याच्या नजरेने पाहिली. निष्कर्ष असा निघाला, की ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि यातले एकही विमान उडू शकत नाही.

१९०४ च्या आधी जो ग्रंथ नव्हता, त्यावरून १८९५ साली विमान बांधता येत नाही. एवढे गणित आठवीच्या मुलीलाही करता येईल.

तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि वर्तमानपत्रांत काही दिवस गदारोळ झाला. ४१ वर्षांपूर्वी छापलेले उत्तर तयार होते. पण 'सायंटिफिक ओपिनियन'चा तो अंक कोणत्या गावच्या वाचनालयात होता?

वाचनालयात काय उरते

इथे मला आमच्यासारख्या वाचनालयांबद्दल बोलायचे आहे. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. सभा भरवायलाही परवानगी लागे. 'गश्ती निशाण ५३' हे नाव जुन्या पिढीला पाठ होते. त्या काळात मराठवाड्यातल्या वाचनालयांनी वर्तमानपत्र वाचायला जागा दिली आणि त्यातून माणसे जागी झाली. पुढे १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. अ, ब, क, ड असे वर्ग ठरले आणि त्यानुसार अनुदान मिळू लागले. आज टेबलावर दहा-बारा दैनिके आणि काही मासिके येतात. स्पर्धा परीक्षेची मुले दिवसभर अभ्यास करतात. चांगलेच आहे.

पण महिना उलटला की दैनिके रद्दीत जातात, आणि मासिकेही वर्षा-दोन वर्षांत त्याच वाटेने जातात. एका वाचनालयात मी माझ्या डोळ्यांनी जुन्या विज्ञान मासिकांचे गठ्ठे तराजूत पडताना पाहिले. जागा नाही, कपाट नाही, बांधणीला पैसे नाहीत. कोणाला दोष देणार? पण त्या दिवशी गावाने कागद विकला नाही, तपासण्याची सोय विकली. आजचे वर्तमानपत्र वाचून बातमी कळते. ती खरी होती की खोटी, हे कळायला कालचे लागते.

कायद्याने एक तजवीज केली आहे. १९५४ च्या कायद्यानुसार देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर नियतकालिकांचीही, कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली या चार ठिकाणच्या ग्रंथालयांत जायला हवी. म्हणजे मराठी मासिक शोधायचे तर मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय. वाशीहून तो रात्रभराचा एसटीचा प्रवास. परदेशी विमानमासिकांची वर्गणी तर ड वर्गाच्या वाचनालयाच्या वर्षभराच्या खर्चात बसणारी नाही.

मग मोबाईल आहेच की, असे कोणी म्हणेल. आहे, आणि मी त्याच्यावरच निम्मे वाचले. 'फ्लाइट' साप्ताहिकाचे १९०९ पासूनचे अंक काही वर्षे कोणालाही फुकट पाहता येत होते. रात्री दुकान बंद करून मी ते चाळत असे. नंतर ती सोय बंद झाली. मी वहीत उतरवलेल्या तारखा तेवढ्या माझ्याकडे राहिल्या. दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली आपल्या हातात नसते, हा धडा कागदाइतकाच पडद्यालाही लागू आहे.

तळपद्यांविषयी माझ्या मनात राग नाही. ते काल्पनिक गृहस्थ नव्हेत. मुंबईच्या चिराबाजारात राहणारा, हाताने काम करणारा, उडण्याचे वेड असलेला माणूस त्या काळी होऊन गेला, याचेच मला कौतुक आहे. लिलिएंथाल अपयशी ठरूनही मोठा झाला, कारण त्याचे अपयश मोजून छापले गेले. तळपद्यांच्या प्रयोगांचे काय झाले, काय उडाले, काय पडले, हे कोणी तसेच मोजून छापले असते, तर आज त्यांना दीड हजार फुटांची गरज पडली नसती. खोटा मान देऊन आपण त्यांचा खरा प्रयत्न झाकून टाकला.

पुढच्या वर्षी विज्ञान दिनाला मी त्याच शाळेत स्वतःहून गेलो. मागच्या वर्षी सांगितलेली गोष्ट पुराव्याची नव्हती, असे मुलांसमोर सांगितले. या वेळी टाळ्या कमी पडल्या. मुलगी तेव्हा नववीत होती. तिने फक्त मान हलवली आणि स्मीटनचा आकडा वहीत उतरवून घेतला. खाली तारीख टाकली.

आता आमच्या वाचनालयात ग्रंथपालांनी मला एक रजिस्टर ठेवायची परवानगी दिली आहे. चार रकाने आहेत: काय सांगितले जाते, कोणत्या अंकात, कोणत्या तारखेला, कोणत्या पानावर. ज्याला एखादी गोष्ट अडेल त्याने पहिला रकाना भरायचा आणि ज्याला सापडेल त्याने उरलेले. एका कपाटाचा खालचा कप्पाही मिळाला आहे. तिथे वर्षाची विज्ञान मासिके सुतळीने बांधून ठेवतो, रद्दीवाल्याच्या हाती लागू नयेत म्हणून वर चिठ्ठी लावून. रजिस्टरची पहिली ओळ तळपद्यांची आहे. तिचे पुढचे तीन रकाने अजून रिकामे आहेत. कोणा वाचकाला ते भरता आले, तर जरूर कळवावे. फक्त पत्ता लिहिताना जिल्हा धाराशिव लिहायला विसरू नये.